मौनाचं ताट

"आजी, आता तू बोलू शकत नाहीस ना?"

चार्वीने माझ्या ताटासमोर फतकल मारली आणि आधी खात्री करून घेतली. मी ताटाभोवती पाणी फिरवलं होतं, डोळे मिटून नमस्कार केला होता. आता जेवून, उठून, चूळ भरेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नव्हता. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत मी मौनाने जेवते. सासूबाई अशाच जेवायच्या, त्यांच्यामागे मी. मधेच बोललं तर ताट तसंच सोडायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत उपाशी राहायचं. हुंकार नाही, खुणा नाहीत. भाजी हवी असली तरी मागायची नाही. पानात पडेल ते गोड मानायचं.

घरातल्या माणसांना अशा वेळी आपण दिसेनासेच होतो. हर्षदा, माझी सून, मला वाढून आपल्या कामाला लागायची. पण नऊ वर्षांच्या चार्वीला माझ्या मौनाचा वेगळाच उपयोग सापडला होता. ऐकणारं एक माणूस समोर आहे, हललं तर घास घेण्यापुरतं हलतं, आणि उलटून काही म्हणत नाही. ती रोज यायची. कधी मांजरीबद्दल सांगायची, कधी पडलेल्या दाताबद्दल. एकदा तिने बेसनाचा लाडू चोरल्याची कबुली दिली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी वरणभात कालवत राहिले.

 त्या दिवशी मात्र ती पायाच्या अंगठ्याने फरशीवरची रेघ घासत बसली.

"आजी, मला शाळेत जायचंय."

माझा घास हातातच राहिला.

"खऱ्या शाळेत. जिथे घंटा होते आणि सगळ्या पोरी एकदम बाहेर येतात. पण आईला सांगायचं नाही. तिला वाईट वाटेल. तुला गुलाबाईची शपथ आहे."

शपथ घालून ती मोकळी झाली आणि उड्या मारत अंगणात गेली. नको गं बाई, असली शपथ घालू नकोस, एवढं म्हणायलाही मला तोंड उघडता येत नव्हतं.

आमचं घर सावद्याला, केळीच्या वखारींच्या मागच्या गल्लीत. मुलगा हेमंत सुरतेला नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा. घरात आम्ही तिघीच. चार्वी आमच्या गावाबाहेरच्या एका मोठ्या शाळेत पहिलीत होती, तेव्हाची गोष्ट मला आधी सांगायला हवी. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. शाळा लवकर सुटली. पोर मागच्या बाकावर झोपून राहिली, गाडीवाल्याला वाटलं घरचं कुणी घेऊन गेलं असेल, शिपायाने वर्ग न बघता कुलूप लावलं. दिवेलागणीपर्यंत आम्ही सारं गाव पालथं घातलं. शेवटी हर्षदाने खिडकीतून पोरीची वेणी पाहिली आणि शिपाई किल्ली घेऊन येईपर्यंत ती थांबली नाही. दगडाने कडी तोडली. तिच्या तळहातावर त्याची खूण अजून आहे.

"दुसऱ्या दिवसापासून सुट्टी होती, आई," त्या रात्रीपासून ती मला कितीदा तरी म्हणाली. "पुढचे पंधरा-वीस दिवस तो वर्ग कुणी उघडला नसता."



हर्षदा स्वतः भुसावळला शिक्षिका होती. तिने नोकरी सोडली आणि मुलीला घरी शिकवायला घेतलं. आणि शिकवलंही असं की बघत राहावं. मधल्या खोलीच्या भिंती तक्त्यांनी भरून गेल्या. घरी शिकवणाऱ्या आयांचा मोबाईलवर एक गट होता, त्यातून रोज नवीन काहीतरी यायचं. ती छापून आणायची, कापायची, चिकटवायची. माझ्या डाळीच्या डब्यांवर वजनं लिहिली गेली. वखारीसमोर ट्रक उभे राहिले की त्यांच्या पाट्या वाचून कुठलं राज्य ते ओळखायचं. पोळी तव्यावरून उतरली की हर्षदा विचारायची, "चारू, हिचे आठ भाग केले आणि तीन तू खाल्लेस तर?"

"आई, मला नुसती पोळी खायचीये."

"खा ना. पण किती उरली?"

सकाळी चहाच्या वेळी ती पेपरातलं शिक्षणाचं पान मोठ्याने वाचायची. कुठे दप्तराचं ओझं, कुठे शिक्षकांच्या रिकाम्या जागा, कुठे छताचा पत्रा उडालेला. तेवढा तुकडा कात्रीने कापून फ्रीजच्या दारावर लावायची. फ्रीज उघडताना शाळांची सगळी दुःखं हाताला लागायची. चांगली बातमीही कधी येत असेलच पेपरात, पण ती फ्रीजपर्यंत पोहोचत नव्हती.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला आमच्याकडे गुलाबाई बसते. पार्वतीच ती, महिनाभर माहेरपणाला येते आणि कोजागिरीला सासरी जाते. गल्लीतल्या मुली संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्या खेळतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी खाऊ ओळखतात. घरच्या बाईने झाकलेला डबा हलवून दाखवायचा. आवाजावरून, वासावरून मुलींनी नाव सांगायचं. ओळखल्याशिवाय खाऊ मिळत नाही.

त्या वर्षी गुलाबाईचं मखर चार्वीने केलं. खोक्याचे पुठ्ठे, सोनेरी कागद, लग्नपत्रिकांवरचे गणपती. हर्षदा शेजारी बसून मदत करत होती.

"हा आकार कुठला झाला?"

"षटकोन."

"शाब्बास. आणि याचे दोन भाग केले तर?"

"आई, याचे भाग नको ना करू. याच्यात गुलाबाई बसणारे."

हर्षदा हसली. तीही काही वाईट बाई नव्हती हो. मुलीच्या हाताला जे लागेल त्यातून तिला काहीतरी मिळावं, एवढंच तिच्या मनात. पण त्या घरात पोरीने काही म्हटलं की त्याला लगेच उत्तर यायचं, उत्तरामागून माहिती यायची आणि माहितीमागून प्रश्न. पोरीचं मूळ बोलणं कुठल्या कुठे राहून जायचं.

संध्याकाळी मुली आल्या. निम्म्या अजून शाळेच्या गणवेशातच होत्या. टिपऱ्या झाल्या, गाणी झाली. मी डबा हलवला.

"शंकरपाळे!"

"नाही."

"शेव!"

"नाही."

"बोरसे सरांचे दात!" एकजण ओरडली आणि सगळ्या खाली बसून हसायला लागल्या. कोणी सरांसारखं तोंड केलं, कोणी त्यांच्यासारखं खाकरून दाखवलं. चार्वीही हसली. पण ती आधी इकडेतिकडे बघून मग हसली. सगळ्यांचं हसून संपत आलं तेव्हा तिचं सुरू झालं होतं.

डब्यात फुटाणे होते. ते तिनेच ओळखले, आणि वाटताना मला दिसलं की बोरसे सरांचे दात म्हणणाऱ्या त्या मुलीला तिने दोन मुठी दिल्या.

दोन-तीन दिवसांनी बऱ्हाटे बाई आल्या. चौकापलीकडच्या सरकारी शाळेत त्या शिकवत. शाळेत न जाणाऱ्या मुलांची पाहणी चालली होती, त्या उन्हातून घरं हिंडत होत्या. मी पाणी दिलं, गूळ दिला.

"घरी शिकते म्हणता. पण नाव कुठल्या शाळेत आहे?"

"कुठेच नाही. मी शिकवते," हर्षदा म्हणाली.

"मग आमच्या हिशेबाने ती शाळाबाह्यच हो."

"शाळाबाह्य?" हर्षदाचा आवाज चढला. "माझी मुलगी? बाई, तिला पाचवीची गणितं येतात. तुमच्या तिसरीतल्या किती मुलांना येतात सांगा."

"दोघांना," बऱ्हाटे बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि तेही पाऊस नसला तर. पाऊस असला की त्यांचं लक्ष खिडकीत."

हर्षदाला हसू आलं, पण तिने ते आवरलं.

"मी जबरदस्ती करायला नाही आले, ताई. तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं शिकवत असाल. दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होतं. कोजागिरीच्या आत मी परत एक चक्कर टाकीन, तेव्हा हो की नाही सांगा. नाही म्हणालात तर मी पुन्हा दार वाजवणार नाही."

मी धीर केला. "हर्षदा, पोरीला विचारून बघ ना एकदा."

"विचारते ना आई. आत्ता विचारते. चारू! इकडे ये. तुला शाळेत जायचंय?"

चार्वी दारात उभी राहिली. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या त्या तळहाताकडे पाहिलं.

"नाही. मला आईपाशीच आवडतं."

"बघा," हर्षदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तिला अजून भीती वाटते, बाई. काय झालं होतं ते तुम्हाला माहीत नाही."

बऱ्हाटे बाई गेल्या. चार्वी मखरापाशी जाऊन बसली आणि गुलाबाईच्या पदराला नसलेली सुरकुती सारखी करत राहिली. मला शपथ होती. लोकांना वाटेल, पोरीच्या शपथेचं काय एवढं. पण देवाचं नाव घेऊन कुणी माझ्या पदरात काही टाकलं तर ते टाकणारं माणूस लहान की मोठं हे मी बघत नाही.

मी आडून आडून खूप प्रयत्न केले.

"एकटं लेकरू कंटाळतं गं."

"आई, मुलांना कंटाळा येऊ देणं चांगलं असतं. परवाच एक लेख आला होता, दाखवू?"

"गल्लीतल्या मुली असतात शाळेत सगळ्या."

"संध्याकाळी खेळतेच की त्यांच्याशी. समवयस्कांशी मिसळणं तिथे होतं."

तिच्यापाशी प्रत्येकाला उत्तर होतं. चूक म्हणावं असं एकही उत्तर नव्हतं.

शेजारच्या वखारवाल्या कमलबाई ओट्यावर कापूस पिंजता पिंजता म्हणाल्या, "सिंधूताई, तुमची सून पोरीला घरात ठेवून मोठी कलेक्टरीण करणार दिसते."

"करू दे की. तुमच्या घरचे ट्रक तिच्याच सहीने सुटतील मग," मी म्हटलं. सुनेला दुसऱ्याने बोललेलं मला चालत नाही.

कोजागिरी जवळ आली. बऱ्हाटे बाई दुसऱ्या दिवशी येणार असा त्यांचा निरोप आला. निरोप आला त्याच दिवशी सकाळपासून माझ्या अंगात कणकण होती. नव्हती असं मी म्हणणार नाही. याहून जास्त तापातही मी आधी पाटावर बसले होते, हेही खरं. पूजा केली, पोथी वाचली आणि मग देवासमोर जरा वेळ बसून राहिले. उठले ती सरळ स्वयंपाकघरात गेले.

"हर्षदा, मला आज बसवणार नाही गं जेवायला. अंग मोडून आलंय."

तिने हात पुसून माझ्या कपाळाला लावला. "थोडं कोमट लागतंय. पेज करू का?"

"कर. पण माझा नेम आहे ना."

"एक दिवस चुकला तर देव काही—"

"चुकवायचा नसतो. आपल्याला जमलं नाही तर घरातल्या कुणीतरी चालवायचा असतो. मी सासूबाईंचा चालवला आहे." मग मी हळूच म्हटलं, "आजचा दिवस तू बसशील?"

हर्षदा माझ्याकडे बघतच राहिली. तिचा उपासतापासांवर विश्वास नव्हता. पण लग्न होऊन आल्यापासून तिने माझा सोवळ्याचा तांब्या कधी ओलांडला नव्हता.

"म्हणजे गप्प बसून जेवायचं, एवढंच ना?"

"एवढंच. चूळ भरेपर्यंत शब्द नाही. मान हलवायची नाही, खुणा नाहीत. पानात टाकायचं नाही."

"आणि बोलले तर?"

"तर ताट सोडायचं. नेम मोडला."

"बरं. तुमच्यासाठी," ती म्हणाली. पाट मांडून तिने माझ्यासारखंच ताटाभोवती पाणी फिरवलं. मी शेजारच्या खोलीत खाटेवर पडले. दार उघडं होतं. तिथून मला तिची पाठ दिसत होती आणि ताटाची कड.

चार्वी खेळून आली आणि दारात थबकली.

"आजीच्या पाटावर तू?"

हर्षदाने घास घेतला.

"आजीचं मौन तू केलंस?" चार्वी ताटासमोर बसली. खाली वाकून तिने आईच्या डोळ्यांत पाहिलं. "खरंच नाही बोलणार?"

काही नाही.

"सात आठे चोपन्न."

हर्षदाचे खांदे ताठ झाले. घास तसाच थांबला, मग तोंडात गेला.

चार्वी खुदकन हसली. "सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. केळं झाडाच्या मुळाशी लागतं."

हर्षदाला ठसका लागला. ती पाणी प्यायली, पण बोलली नाही. चार्वी टाळ्या पिटून हसली. मीही खाटेवर पदर तोंडाला लावला.

 मग पोर रोज माझ्यासमोर बसायची तशी गुडघे पोटाशी घेऊन बसली. अंगठ्याने फरशीवरची रेघ घासायला लागली. खोलीत वाटीवर चमचा लागल्याचा आवाज तेवढा येत होता.

"आई, मी आजीला एक सांगितलंय. तुला सांगू?"

हर्षदाचा हात ताटातच राहिला.

"मला बऱ्हाटे बाईंच्या शाळेत जायचंय."

 आता ही बोलणार, असं मला वाटलं. तिची मान वर झाली, ओठही हलले असावेत. पण ती वळली आणि तिने दारातून माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तिने पुढचा घास उचलला होता.

"तू छान शिकवतेस," चार्वी घाईघाईने म्हणाली. "सगळ्यांत छान. पण तू एकच आहेस ना. तुला सगळं आधीच येतं. मला कुणाबरोबर तरी न येणारं बसून करायचंय."

घास.

"आणि आई, मला भीती नाही वाटत. तू सगळ्यांना सांगतेस की मला भीती वाटते. मला ते काहीच आठवत नाही. मी झोपलेच होते. तू दगड मारलास ना, त्या आवाजाने मला जाग आली. आणि तू रडत होतीस, तुझ्या हाताला रक्त होतं. मी त्याला घाबरले." तिचा आवाज बारीक झाला. "तुला भीती वाटते ना, म्हणून मी नाही म्हणते."

 हर्षदाने भात संपवला. मग भाजी संपवली. ताटात चटणीचा एक ठिपका होता, तो बोटाने पुसून घेतला. माझ्या इतक्या वर्षांच्या नेमात एवढं निपटलेलं ताट मी कधी उचललं नसेल. पाटाला हात लावून ती उठली, मोरीपाशी गेली. नळ सुटला. बराच वेळ सुटलेला राहिला.

चार्वी घाबरून मोरीच्या उंबऱ्याशी उभी राहिली.

"आई, चूळ भरली ना? आता बोल ना."

हर्षदा तशीच ओल्या तोंडाने खाली बसली. तिला कितीतरी बोलता आलं असतं. इतके दिवस तिच्यापाशी प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

"तू गेल्यावर मी दिवसभर काय करू गं?" एवढंच ती म्हणाली.

चार्वीला तो प्रश्न सोपा वाटला असावा. तिने आईच्या हनुवटीवरचं पाणी आपल्या फ्रॉकने पुसलं.

"अगं, संध्याकाळी येतेच ना मी घरी."

दुसऱ्या दिवशी बऱ्हाटे बाई आल्या तेव्हा हर्षदाने त्यांना ओट्यावरच गाठलं. "बाई, वर्ग बंद करताना तुमच्याकडे कोण बघतं? मागच्या बाकापर्यंत?"

"मी बघते."

"तुम्ही रजेवर असलात तर?"

"तर त्या दिवशी तुम्ही येऊन बघा. मी शिपायाला सांगून ठेवते."

हर्षदाने हो म्हणून मान हलवली. माझ्याशी त्या जेवणाबद्दल ती तेव्हा काही बोलली नाही आणि आता चार्वी नाशिकला कॉलेजात आहे तरी आजतागायत बोललेली नाही.  पण माझा ताप बरा झाला का, हे हर्षदाने त्या जेवणाच्या दिवशीच संध्याकाळी विचारलं होतं, आणि विचारताना ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती.

दिवाळीनंतर शाळा उघडली. आम्ही दोघी तिला पोहोचवायला गेलो. फाटकापाशी बोरसे सरांचे दात म्हणणारी ती मुलगी उभी होती. तिने चार्वीचा हात धरला आणि दोघी पळाल्या. दप्तर पाठीवर उड्या मारत होतं. घंटा झाली. मुलांच्या रांगा वर्गांकडे निघाल्या. हर्षदा टाचा उंचावून बघत होती. पायऱ्या चढताना वळेल, दारापाशी वळेल. शेवटची मुलगीही आत गेली.

"वळली नाही, आई."

"नाही वळली," मी म्हटलं.

फाटक लागलं. तिने माझा दंड घट्ट धरला होता. तो कितीतरी वेळाने सैल झाला.

"बरं झालं," ती म्हणाली.